आम्ही पाचजण जाणार होतो

आफ्रिकेतल्या एका खाणीच्या गावी, तिथल्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी मिळाली, तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. नोकरी मला मिळाली होती. हे पुन्हा लिहिते आहे, कारण तेव्हा अहमदनगरमध्ये ते कुणाच्या कानातच शिरलं नाही. चर्चमध्ये आमच्यासाठी निरोपाची प्रार्थना झाली आणि हार पडला तो माझ्या नवऱ्याच्या गळ्यात. ते प्राथमिक शाळेत शिक्षक. "गुरुजी परदेशी चालले," असं जो तो म्हणत होता. गुरुजींनी एकदाही म्हटलं नाही की, अहो, नोकरी हिची आहे, मी हिच्याबरोबर चाललोय. नुसते हसत राहिले.

जाणार होतो आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आमचा कुत्रा. कुत्रा गावठीच, तांबूस रंगाचा, एक कान कायमचा मुडपलेला. दवाखान्याच्या मागं पिल्लू असताना सापडला होता आणि मुलीनं त्याला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. बोटीवर कुत्रं नेता येतं हे मी स्वतः मुंबईला जाऊन विचारून आले होते. त्याला इंजेक्शनं दिली होती, सुताराकडून पिंजरा करून घेतला होता.

थोरल्या दिरांना ते अजिबात पटलं नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादा माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेली असले तरी नवऱ्याकडं बघून म्हणायचे, "तिला सांग, माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही कुत्रं बोटीत बसवतीय. लोक तोंडात शेण घालतील."

दुष्काळ होताच. पाऊस पडला नव्हता, बायाबापड्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या, रिकाम्या गोठ्यांकडं बघवत नव्हतं. त्यामुळं ते बोलणं मला झोंबायचं. पण कुत्रं मागं ठेवल्यानं कुणाच्या हंड्यात पाणी पडणार होतं, हे दादांनी कधी सांगितलं नाही.

निघायला थोडेच दिवस राहिले असताना कुत्रा नाहीसा झाला. मी दवाखान्यातून आले तर दोन्ही मुलं रडून लाल झालेली. दादा म्हणाले, फाटक उघडं राहिलं, पळाला. मुलं भर उन्हात गल्लीबोळ पालथे घालत फिरली. किल्ल्यापर्यंत जाऊन आली, एसटी स्टँडवर दिसेल त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलाला ताप भरला.

शेवटी जाऊबाईंना राहवलं नाही. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "पोरांना उन्हात हिंडवू नका, बाई. त्याला पाथर्डीकडं धाडलंय. ह्यांच्या वळखीचं एक ऊसतोडीचं घर हाय, तिथं."

"आणि ह्यांना ठाऊक होतं?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि होकारार्थी मान हलवली.

नवरा बाहेर खाटेवर बसला होता. मी विचारलं, "पोरं शोधत होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"दादा म्हणाले, आत्ता रडतील, मग विसरतील. तुलाही प्रवासात त्रास नको म्हणून..."

"मला त्रास नको म्हणून तुम्ही पोरांशी खोटं बोललात?"

ते उठले, म्हणाले, "चल, मी येतो बरोबर."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही इथं बसा आणि पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवा."

मुलगी दारातून सगळं ऐकत होती. तिला घेऊन मी पाथर्डीची एसटी धरली. जाऊबाईंनी सांगितलेली वस्ती शोधून काढली, तर दाराला कुलूप. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "समदी गेली तिकडं उत्तरंला, साखर कारखान्यावर. कुत्रं बी गाडीखाली बांधून नेलं." म्हणजे ज्या घरी तो सुखात राहणार होता, ते घर निम्मं वर्ष बंदच असायचं. दादांनी तेवढंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा निघालो, आता उत्तरेकडं. तिथं कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता आणि कारखाना चालू होता. तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या रस्त्याकडेला ओळीनं होत्या. विचारत विचारत चाललो होतो, तेवढ्यात मुलीनं शीळ घातली आणि एका बैलगाडीखालून साखळी ताणत तो उभा राहिला. मुलगी धावत जाऊन मातीतच बसली.

झोपडीतून एक बाई बाहेर आली. मी सगळं सांगितल्यावर तिचं तोंडच उतरलं. "आमाला तर सांगितलं, मालकीन परदेशी गेली, कुत्र्याला टाकून. म्या म्हनलं, कसली बाई म्हनायची!"

मी अजून नगरातच होते आणि पार पाथर्डीपर्यंत मला निर्दयी ठरवून झालं होतं. त्या क्षणी मला जितका संताप आला तितका आयुष्यात क्वचितच आला असेल.

बाईनं साखळी सोडून माझ्या हातात दिली. तिच्या पायाशी दोन कोंबड्या चरत होत्या. म्हणाली, "न्या की. आमी तर कोंबड्या बी संगं घिऊन येतो. मागं कुनाच्या जिवावर ठिवायच्या?"

परत येताना कंडक्टरनं कुत्र्याला गाडीत घेतलं नाही. साखरेच्या ट्रकवाल्यानं घेतलं. पोत्यांवर बसून आम्ही नगरात शिरलो.

दादा ओसरीवर होते. मला बघताच नवऱ्याला हाक मारून म्हणाले, "तिला सांग, घरच्या माणसाचा शब्द असा मोडू नये."

"मला सांगा, दादा," मी म्हटलं. "मी इथं उभी आहे. आणि मी कुत्र्याला टाकून परदेशी गेले असं पाथर्डीत कुणी सांगितलं, तेही मलाच सांगा."

ते चपला घालून बाहेर निघून गेले. आम्ही मुंबईची गाडी धरली तेव्हा स्टेशनवर जाऊबाई एकट्याच आल्या होत्या.

कुत्रा बोटीवर आजारी पडला नाही. माझा नवरा पडला. तिथं गेल्यावर त्यांना शाळेत काम मिळायला बरेच महिने लागले. तोवर घर, स्वयंपाक आणि कुत्र्याला फिरवणं त्यांच्याकडंच होतं, आणि तिथले लोक त्यांना सिस्टरचा नवरा म्हणून ओळखत. त्यांनी ते सगळं नीट केलं, तक्रार केली नाही, हे मी मान्य करते. कुत्रा म्हातारा होऊन तिथंच गेला. नगरला मात्र दादा ही गोष्ट गंमत म्हणून सांगत राहिले, की कुत्र्यासाठी ही बाई ट्रकमधून हिंडली. ऐकणारे हसायचे.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. मुलगी आता स्वतः आई झाली आहे. तिचं वडिलांवर प्रेम आहे, ती त्यांचं सगळं करते. पण त्यांनी काही सांगितलं की ती आधी माझ्या तोंडाकडं बघते, आणि मगच "बरं बाबा" म्हणते.