भारी लेन्स

माझी कंबर आणि माझ्या सासऱ्यांची अब्रू यांची टक्कर झाली आणि त्यात कंबर हरली.

मला टेकड्या चढायचा आणि पाखरांचे फोटो काढायचा नाद आहे. मागच्या हिवाळ्यात कंबरेत उसण भरली, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं, "फिरा खुशाल, पण पाठीवर ओझं नको." म्हणून मी हलक्या लेन्सचा शोध सुरू केला. पाखरांसाठी एक, रानफुलांसाठी एक, आणि दोन्ही मिळून पाण्याच्या बाटलीपेक्षा जड नकोत! शोध लांबतच गेला, तशी बायको वैतागली.

"लग्नाच्या वक्ती मले पाहाले तुमाले अर्धा तास लागलता. अन् या काचेले दोन म्हयने?"

(त्या अर्ध्या तासातही मी पोहेच जास्त पाहिले होते, हे मी बोललो नाही.)

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. म्हणजे जावयाला अनारशांसोबत वाण देण्याचा महिना. बोरी अरबहून सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, फोन आला.

"जवाईबुवा, यंदा काय द्याचं?"

"मामाजी, कॅमेऱ्याची लेन्स द्या. फक्त हलकी पाहा."

पलीकडून मामाजींचा आवाज चढला.

"हलकी?"

"हो. जितकी हलकी भेटन तितकी बरी!"

"कायले हलकी? आमी का मेलो काय?" फोन खाडकन बंद.

आमच्याकडे हलका माल म्हणजे टाकाऊ माल. धोंड्याच्या महिन्यात जावई तोंडानं हलकं मागतो, म्हणजे सासऱ्याची ऐपत काढतो! हे मला फोन ठेवल्यावर कळलं. मामाजी दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "दुकानातली सगळ्यात भारी लेन्स काढ." दुकानदारही सज्जन. त्यानं दोन्ही अर्थांनी भारी असलेली काढली.

धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघं बोरी अरबला गेलो आणि जेवणं झाल्यावर खोकं समोर आलं. मला वाटलं, विहिरीवरची मोटार आहे. आतून पांढरं, जाडजूड नळकांडं निघालं. दोन्ही हातांनी उचललं, तर कंबर कुरकुरली.

"भारी आहे हो, मामाजी," मी कण्हत म्हणालो.

"मंग!" मामाजींची छाती फुगली.

मी बायकोच्या कानाशी लागलो, "बदलून आणू का?"

"खबरदार! बाबा गावभर सांगून आले. बदललं तं त्याईले तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही."

संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी दारात उभे. "चला, टेकडीवर फोटो काढाले!" पारावरची मंडळी पाहत होती, म्हणून मी कॅमेरा-लेन्सची पिशवी ऐटीत पाठीवर घेतली. ऐट पहिल्या चढापर्यंत टिकली.

"काहून थांबले?"

"पाखरू ऐकून राह्यलो."

पुढच्या वळणावर पुन्हा पाखरू ऐकलं. त्याच्या पुढच्या वळणावर तर मी बसून ऐकलं! मामाजींनी पिशवी आपल्या खांद्यावर टाकली आणि सत्तरीतला तो माणूस सरसर वर चढू लागला. मागे मी, रिकाम्या हातानं, धापा टाकत.

आणि वर खरोखर नवरंग पक्षी बसला होता! हाताच्या अंतरावर म्हणा ना. कित्येक वर्षं ज्याच्यासाठी रानं तुडवली, तो समोर शेपटी हलवत होता. मी लेन्स कॅमेऱ्यावर चढवून डोळ्याला लावली, तर नुसता धूर. एवढ्या मोठ्या लेन्सला जवळचं दिसतच नाही! मी एक पाऊल मागे सरकलो. अजून एक. "मांगं नाली हाय!" मामाजी ओरडले. तोवर मी पाणी अडवायला खणलेल्या त्या नालीत होतो, लेन्स छातीशी धरून, आणि कंबर कायमची वाकल्यासारखी. नवरंग केव्हाच उडाला होता.

मामाजींनी मला खाली आणलं. एका खांद्यावर लेन्स, दुसऱ्या खांद्यावर माझा हात. पारावरून कोणीतरी विचारलंच, "काय झालं जी? लेन्स बरोबर नाही निघाली काय?"

मामाजी थांबले. घाम पुसला.

"लेन्स तं भारीच हाय, बापा. जवाईच हलका निघाला!"

पार खदखदून हसला. मलाही वाईट वाटलं नाही. नव्वद किलोच्या माणसाला हलका म्हणणारं आजवर दुसरं कोणी भेटलेलं नाही.