उएनोच्या बागेतली चुकामूक

योकोहामाला आमची बोट लागली तेव्हा चैत्र सुरू होता. मोठ्या भूकंपात पडलेलं ते शहर अजून नव्याने उभं राहत होतं. धक्क्यापासूनच ताज्या लाकडाचा वास येई. मी बोटीवर सुतार. आमचे सारंग (खलाशांचे मुकादम) सुलेमानभाई जयगडचे, म्हणजे माझ्या गावाहून खाडीपलीकडचे.

"चल, तोकियोची फुलं बघून येऊ," ते म्हणाले. "दहा वर्षं ऐकतोय. दर खेपेला कायतरी काम निघतं."

संध्याकाळी सहाला बोटीवर हजेरी होती. आम्ही सकाळच्याच आगगाडीने निघालो.

उएनो नावाची ती बाग शहराच्या ऐन मध्यावर. आत शिरलो आणि काही सुधरेना. झाडांना पान म्हणून नाही, नुसती फिकट गुलाबी फुलं, आणि खाली माणसंच माणसं. चटया अंथरून कुटुंबंच्या कुटुंबं जेवत होती, कुणी गात होतं. आमच्याकडे मोहोर आला की आंब्याच्या बागेत पाऊल टाकताच वास येतो. इथे मी नाक वर करून उभा राहिलो, पण वास नाही. मान खाली केली तेव्हा सुलेमानभाई शेजारी नव्हते.

हाका मारल्या. एका पोलिसाला मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून विचारलं, "माझा माणूस, माझ्या देशातला, कुठे?" त्याने नम्रपणे वाकून वाट दाखवली. त्या वाटेने गेलो तो प्राणिसंग्रहालयात पोचलो, थेट हत्तीसमोर. पोलिसाला काय समजलं असेल, मला आजवर उमगलेलं नाही.

परत आलो तर सगळी झाडं सारखीच दिसू लागली. दमून एका चटईच्या कडेला टेकलो. तिथल्या म्हातारीने मला हाताला धरून आत बसवलं आणि साकुरामोची (पानात गुंडाळलेला तांदळाचा गोड गोळा) पुढे केली. पातोळीचं हळदीचं पान आपण सोडून टाकतो, तसं मी पान सोडलं. शेजारच्या गृहस्थाने पानासकट खाल्लं. म्हणून दुसऱ्या वेळी मीही पानासकट खाल्लं, तर म्हातारी आपलं पान सोडत होती.

तिचा नातू शाळेत इंग्रजी शिकलेला होता. त्याला विचारलं, "याची फळं कधी धरतात?"

"ही झाडं फळांची नाहीत."

"मग एवढी कशाला लावली?"

त्याने आजीला विचारलं. दोघं बराच वेळ बोलली. शेवटी तो म्हणाला, "आजीला तुमचा प्रश्न कळत नाही."

इतक्यात वारा सुटला आणि पाकळ्यांचा सडा पडला. मोहोर असा गळाला तर आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. इथे मात्र सगळे हसून तळहात पुढे करत होते. मीही केला, काय वाटायला हवं ते कळेना.

"किती वाजले?" मी विचारलं. चार वाजत आले होते. नातवाने मला स्टेशनावर नेलं, योकोहामाच्या गाडीत बसवलं. साडेपाचला मी बोटीवर होतो. सुलेमानभाई आले नव्हते.

सहाला हजेरी झाली. सारंगच गैरहजर, म्हणून मालम (बोटीवरचा अधिकारी) संतापला. दिवे लागल्यावर ते धक्क्यावरून येताना दिसले. सगळ्या खलाशांदेखत मालमाने त्यांना वाटेल ते सुनावलं. ते खाली मान घालून उभे राहिले. माझ्यासाठी उशीर झाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला पुढे झालो तर डोळ्यांनीच गप्प केलं.

नंतर मी त्यांच्याजवळ गेलो. "भाई, माझं चुकलं."

"तीनदा बाग पालथी घातली," ते म्हणाले. "तुझ्या आयेला काय सांगणार होतो मी?"

"फुलं तरी बघितलीत ना?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "नाय रे. माणसांची तोंडं बघत होतो."

त्यानंतर योकोहामाची खेप आम्हाला मिळाली नाही. रत्नागिरीला उतरलो तेव्हा घरच्यांनी जपानची फुलं कशी असतात ते विचारलं. मी रंग सांगितला, गर्दी सांगितली. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे फुलं नीट येईनात. हजारो माणसं वर बघत असलेल्या त्या बागेतून एकटे सुलेमानभाई, समोरून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत चाललेले दिसत राहिले.