ब्रायटनची वाळू

आमच्या शेजारच्या काकूंना 'नाही' म्हणून दाखवेल असा माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. इंग्लंडात एखादा निघेल अशी मला अंधूक आशा होती, तीही मागच्या उन्हाळ्यात मावळली. शेजारच्या म्हणजे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या इंजिनियरच्या आई. घर साताऱ्याचं, वर्षातून पाच महिने मुक्काम इकडे. बाल्कनीत कपडे वाळत घालू नका असं सोसायटीचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते मुलाकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साडीशेजारी परकरही वाळत घातला. ऊन काय सोसायटीचं आहे, हा त्यांचा सवाल. स्विमिंग पूलपाशी खायला बंदी, म्हणून त्या भडंगाचा डबा घेऊन नेमक्या तिथेच बसायच्या. नात म्हणाली, "आजी, नॉट अलाउड." काकूंनी तिच्याही हातावर मूठभर भडंग ठेवलं. नातीचा कायदा तिथेच संपला.

पण या बाईंचा खरा हट्ट निराळाच होता. काका भूगोलाचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी साताऱ्यातल्या पोरांना इंग्लंडचा किनारा शिकवला. ब्रायटन आलं की फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढायचे आणि पिवळ्या खडूने वाळू. स्वतः पुण्यापलीकडे फारसे गेले नव्हते. मग त्यांचा एक विद्यार्थी लंडनला गेला आणि त्याने शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ब्रायटनचा फोटो टाकला. "सर, वाळू कुठंय? इथे नुसते गोटे." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. काकाही हसले म्हणे, पण त्या रात्री जेवले नाहीत. पुढे दोन वर्षांनी काका गेले. काकूंनी तो फोटो जपून ठेवला, एखाद्याने कोर्टाची नोटीस ठेवावी तसा.

मागच्या वर्षी साताऱ्याला परत जाताना त्यांनी लंडनला दोन दिवस उतरायचं ठरवलं. माझं ऑफिसचं काम नेमकं तेव्हाच तिथे निघालं, म्हणून त्यांना सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली. मुलगा शेवटपर्यंत विनवत होता: आई, गुडघ्याचं बघ, ट्रिप कॅन्सल करू. काकूंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि दशम्या केल्या.

लंडनहून गाडीने सकाळी अकराला ब्रायटनला पोचलो. स्टेशनकडून येताना तिथल्या जुन्या राजाचा घुमटांचा महाल लागतो. मला तो आतून पाहायचा होता. "घुमट आपल्याकडे पुष्कळ आहेत," म्हणून काकू पुढे चालू लागल्या. आणि समोर समुद्र, आणि गोटे! पार पाण्यापर्यंत गोटेच गोटे. आता या बाईंना काय सांगायचं? काका चुकले, त्यात काय एवढं, असं काहीतरी मी पुटपुटले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आइस्क्रीम आणायला पळाले.

परत आले तर त्या भाड्याच्या खुर्चीत मांडी घालून बसलेल्या. खाणार नाही म्हणाल्या. आमची परतीची गाडी चारची होती. मी आधी समजावलं, मग चिडले, मग मुलाला फोन लावून दिला. त्यांनी तो न ऐकता बंद केला. वारा असा की पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट. चारची गाडी गेली. तेव्हा कुठे त्या बोलल्या. "माझं माहेर मालवणचं. भरती कळते मला. तो फोटो आला तेव्हाही ह्यांना म्हटलं होतं, ओहोटीला वाळू निघेल. ह्यांना वाटलं, बायको समजूत काढतेय."

मीही खुर्ची ओढून बसले.

पाणी मागे मागे जात राहिलं. सहाच्या सुमारास गोट्यांच्या पलीकडे एक ओली, पिवळसर पट्टी दिसू लागली. आधी ओढणीएवढी, मग चांगली ऐसपैस. वाळू होती हो ती! काकू माझा हात धरून गोट्यांवरून खाली उतरल्या, चपला काढल्या आणि वाळूत पाय रोवून उभ्या राहिल्या. फोटो मला काढायला लावला. मग तिथेच बसून डबा उघडला आणि सकाळपासूनचा पहिला घास खाल्ला. एक दशमी माझ्या हातावर ठेवली. दुसरी कागदावर काढून शेजारी वाळूवर ठेवली आणि सीगल आले तशी त्यावर पदर धरून बसल्या.

फोटो त्यांनी काकांच्या जुन्या नंबरवरून शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं: "सरांची वाळू. ओहोटीला यावे."

यंदा काकू आल्या नाहीत, गुडघ्याने खरंच दगा दिला. पलीकडची बाल्कनी मोकळी आहे, सोसायटी खूश आहे. परवा मी माझी साडी धुतली, ड्रायरपाशी नेली आणि परत बाल्कनीत आणून वाळत घातली. अजून पत्र आलेलं नाही. रोज वाट बघते.