पत्राची मागची बाजू

स्नेहलता ओहोळला जर्मन भाषेतला एक शब्द कधीच जमला नाही. 'नाइन', म्हणजे नाही. सात वर्षं डार्मश्टाटला राहूनसुद्धा! वरच्या मजल्यावरची म्हातारी जिना पुसायची आपली पाळी हिच्या गळ्यात मारायची आणि ही मान डोलवत म्हणायची, "या, या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. मी चिडून म्हणायचे, "अगं, या या काय, मराठीत एकदा जा जा म्हण ना तिला!" ती हसायची आणि बादली भरायला जायची.

ती नगरची, मराठी ख्रिस्ती. नवरा शिरीष गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, मुलगी वल्लरी चौदा वर्षांची. मी शेजारच्या दारातली कौमुदी. एश्बॉर्नला आयटीत नोकरी, जर्मन चांगलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा तोराही होता. स्नेहलताच्या जिवाला मात्र सतत घोर. बाटली चुकीच्या डब्यात तर नाही ना टाकली? रविवारी मिक्सर फिरवला तर तक्रार होईल का? पेटीत पाकीट दिसलं की माझ्या दाराशी हजर, "बघ गं, आपल्याला हाकलत तर नाहीत ना?" आत असायचं काय, तर वाचनालयाचं स्मरणपत्र. कपाळ माझं!

निर्धास्त असायची ती एकाच ठिकाणी, चर्चमध्ये. तिथे तिच्या नाताळच्या करंज्यांची लोक वाट बघायचे, तिला नावानं हाक मारायचे. २००७च्या मे महिन्यात तिथेच वल्लरीचं कन्फर्मेशन होतं, चर्चची सभासद म्हणून तिला रीतसर सामील करून घेण्याचा विधी. आपल्या पोरीला ही माणसं आपली म्हणणार, एवढ्यासाठी ती वर्षभर दिवस मोजत होती.

मार्चमध्ये तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, हाल्बाख यांनी तिला एक झेरॉक्स दिली. सव्वाशे वर्षांपूर्वी या चर्चमधून क्लिंगनर नावाचे मिशनरी आमच्या नगर जिल्ह्यात गेले होते. मोठे प्रवचनकार, त्यांना ऐकायला गावंच्या गावं लोटायची म्हणे. मग एका विधवेशी त्यांचे संबंध असल्याचा बोभाटा झाला. साहेबांना परत बोलावलं, आणि व्यभिचारी म्हणून इथल्या भिंतीवरची त्यांची पाटी काढून टाकली. पुरावा काय, तर त्या विधवेनं मिशनच्या मंडळींना लिहवून पाठवलेलं मोडी पत्र; त्याचीच ही झेरॉक्स. चर्चच्या दप्तरात त्यातल्या एकाच ओळीचं भाषांतर होतं.

स्नेहलताला मोडी येत होती. तिचे वडील नगरला जमिनीचे जुने कागद लोकांना वाचून द्यायचे, हीच त्यांच्यापाशी बसून शिकलेली. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं ती ओळ वाचली. 'साहेबांनी मजला बंगल्यावर ठेविली.'

आम्ही दोघी उडालोच! त्या वेळच्या कुणा कारकुनानं 'ठेविली'चं सरळ 'रखेल' करून टाकलं होतं. "अगं, ठेवली म्हणजे राहायला जागा दिली! बिचारा फुकट बदनाम झाला," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे हाल्बाखना फोन लावला. ते हरखून गेले. नवी पाटी करायला टाकली. कन्फर्मेशनच्या दोन आठवडे आधीचा रविवार ठरला. स्नेहलता पत्र वाचणार, मी भाषांतर करणार.

पण ही बापाची लेक. तिसऱ्या दिवशी म्हणते, "कौमुदी, या पत्राला शेवट नाही. मोडी पत्र 'हे विनंती' म्हटल्याशिवाय संपत नाही. मागची बाजू असणार." मी म्हटलं, असेल, तुला काय करायचंय? तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं नाही. हाल्बाखना सांगून मागची बाजू मागवली. ठरलेल्या रविवारच्या आधल्या गुरुवारी ती थेट तिच्याच घरी आली.

तिनं वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. 'म्यां नको नको म्हटले. साहेबांनी ऐकिले नाही. आता मंडळी मजला पापीण म्हणोन प्रभुभोजनास बसू देत नाहीत. पाप म्यां केले नाही. ते मजवर झाले. बहुत काय लिहिणे, हे विनंती. भागूबाई.'

"पुढचीच बाजू वाच," मी म्हटलं. "दोघंही मरून शंभर वर्षं झाली. पाटी तयार आहे, वल्लरीचं सगळं ठरलंय. हीच माणसं उद्या तुझ्याकडे बघणार नाहीत."

"मला कळत नाही का ते?" ती म्हणाली. "तीन रात्री डोळ्याला डोळा लागणार नाही बघ माझा." वाचणार की नाही, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

प्रार्थनेनंतर सगळे सभागृहात जमले. भिंतीवर पाटी, तिच्यावर पांढरं कापड. टेबलावर केक, कॉफी. वल्लरी शिरीषच्या शेजारी. स्नेहलतानं पुढची बाजू वाचली. मी जर्मनमध्ये सांगितलं, साहेबांनी त्या विधवेला आश्रय दिला. लोकांनी माना डोलावल्या. एका आजींनी तर डोळे पुसले. हाल्बाख पाटीकडे निघाले.

स्नेहलतानं पान उलटलं.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. मराठी कळणारे तिथे आम्हीच चौघं. शिरीष खाली मान घालून बसला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, जर्मनचा तोरा मिरवणारी मी, काय बोलले? म्हणाले, "पुढे त्या बाई लिहितात, की तिथे त्यांना बराच त्रास सोसावा लागला."

हाल्बाखनी सहानुभूतीनं मान हलवली आणि कापडाला हात घातला.

"नाइन."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. स्नेहलताचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं पत्र छातीशी धरलं होतं. तिच्या त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "झी हाट नाइन गेझाग्ट." ती नाही म्हणाली होती.

हाल्बाखनी कापडावरचा हात काढला. "कोण?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांच्या दप्तरात त्या बाईचं नावच नव्हतं, नुसतं 'एक विधवा' असं लिहिलेलं.

"भागूबाई," स्नेहलता म्हणाली. मग तिनं ती मागची बाजू माझ्यासमोर धरली. "आता नीट सांग, कौमुदी."

मला लाज वाटली. मी उठून उभी राहिले आणि पहिल्या 'नको'पासून सुरुवात केली.