भाऊंचं एक वाक्य

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारा आवाज ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी सुखदेवराव भिलारे यांना ऐकलं आहे. पाहिलं मात्र फारसं कोणी नाही. नोकरीभर ते काचेमागे बसले आणि गणपतीत पडद्यामागे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मंडळाचा जिवंत देखावा त्यांचाच. जिवंत म्हणजे माणसं खरी, आवाज आधी रेकॉर्ड केलेला. गल्लीतली मुलं स्टेजवर ओठ हलवतात, स्पीकरमधून बोलतात ते सुखदेवराव. दरवर्षी विषय बदलतो, पण 'भाऊ' नावाचा पुढारी ठरलेला. भाऊंना आवाज दुसऱ्या कोणी द्यायचा नाही, हेही ठरलेलं.

पूर्वी आमचे नगरसेवक पहिल्या रांगेत बसून स्वतःची खिल्ली ऐकायचे. डोळे पुसत म्हणायचे, "सुखदेवराव, माझं पोट एवढं मोठं नाही हो." ते दिवस थोर होते असं मी म्हणत नाही, कामं तेव्हाही होत नव्हती. पण राग आला तरी चारचौघांत तो गिळायची पद्धत होती. आता हसण्याआधी माणूस आजूबाजूला कोणाचा मोबाईल चालू आहे ते बघतो.

सुखदेवरावांची मुलगी दीपमाला कॅफेतल्या कॉमेडी शोंना जाते. एकदा ती म्हणाली, "बाबा, तिथे आई, नवरा, घरमालक, सगळ्यांवर जोक चालतात. पॉलिटिक्स आलं की जोक सांगणारा तोच मुलगा म्हणतो, जाऊ दे, मला घरी जायचंय. आणि लोक त्यालाच सगळ्यात जास्त हसतात." सुखदेवराव हसले नाहीत.

यंदाचा देखावा पाण्यावर होता. हंडे घेऊन ताटकळलेली गल्ली आणि समोर भाऊंचं भाषण: "खडकवासला धरण भरलं, तर पूजेला मी आहे. नळ कोरडा राहिला, तर टँकर माझाच आहे. तुमची दोन्हीकडून सोय!" तालमीत हंडेवाल्या मुली हसून हसून खालीच बसल्या.

मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव मात्र गंभीर झाले. मांडवाच्या कमानीवर ज्या पुढाऱ्याचा फोटो लागणार होता, त्याचा खरोखरच टँकरचा धंदा होता.

"सुखदेवराव, टँकरचं तेवढं एक वाक्य काढा. उद्या पोरांवर केस झाली, तर नोकऱ्या जातील त्यांच्या."

"तुमची भीती खोटी नाही," सुखदेवराव म्हणाले. "पण त्या एका वाक्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलंय. मी पुन्हा रेकॉर्डिंग करणार नाही. काढायचं तर तुमच्या हाताने काढा."

हिंमतरावांनी ते काढायला लावलं. साऊंड सांभाळणाऱ्या साईनाथने ते वाक्य पुसलं. पण दिवे, पडदा, पोरांच्या हालचाली, सगळं त्या रेकॉर्डिंगवर बसवलेलं. म्हणून त्याने तेवढी जागा नुसतीच रिकामी ठेवली.

पहिल्या संध्याकाळी भाऊ झालेला विश्वजीत सवयीने ते वाक्य पूर्ण बोलला. ओठ हलले, हात उंचावला, आवाज मात्र नाही. गर्दी ओरडली, "आवाज! आवाज!"

मी सुखदेवरावांच्या शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या लोकांना ते वाक्य हवं होतं! मलाही फार बरं वाटलं. हिंमतरावांनी घाईघाईने माईकवरून स्पीकर बिघडल्याचं सांगितलं.

पुढच्या खेळाला साईनाथने त्या रिकाम्या जागेत गणपतीची आरती भरली. विश्वजीतला सांगून ठेवलं होतं, नुसते हात जोडून उभा राहा. टाळ वाजले, भाऊंनी हात जोडले आणि समोरच्या गर्दीने पायांतल्या चपला सरकवून हात जोडले. कोणी टाळ्यांचा ठेका धरला. दीपमालाने वळून पाहिलं, तर तिच्या वडिलांचेही हात जोडलेले.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"आरती आहे गं. न जोडून कसं चालेल?"

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आरती संपली, देखावा पुढे सुरू झाला, भाऊ पुन्हा बोलू लागले. पण लोकांचे हात तसेच जोडलेले राहिले, आणि सुखदेवरावांच्या उरलेल्या एकाही वाक्याला कोणी हसलं नाही.