काजळीशिवाय काठीची टोपी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या गाढवपणात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. सगळा माझाच!

विठ्ठलवाडीला एका गाळ्यात मी नवीनच लागलेले. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला खाली रबराची टोपी असते ना, ती तिथे बनते. माझं काम वजनाचं. इतकं रबर, इतकी पावडर मोजून द्यायची, मग बबन ते मशीनवर मळणार. त्या दिवशी डोंबिवलीचे अण्णा, काठ्यांचे दुकानवाले, नमुना बघायला येणार होते. पास झाला तर आम्हा पाच बायकांना वर्षभर काम. नाहीतर बसा घरी!

वजन करायला बसले आणि माझं डोकंच फिरलं. एवढं चांगलं रबर, आणि त्यात निम्मी काळी काजळी? अहो, ही उघड भेसळ! दुधातलं पाणी मी नुसत्या वासावर ओळखते, मी काय गप्प बसणार? ढकललं काजळीचं पोतं कोपऱ्यात.

"मावशी, आज गोळा पिवळा कसा?" बबनने विचारलं.

"खरा आहे म्हणून!"

"शेठनी सांगितलंय का?"

"मी सांगतेय ते पुरत नाही तुला?"

बिचाऱ्याने मुकाट्याने मळला.

अण्णा आले. टोपी बघून शेठचा चेहरा उतरला. "ही... ही कोणी बनवली?"

"मी!" दोन पावलं पुढे येऊन सांगितलं हो मी! "सगळी काजळी काढून टाकली. अण्णा, अस्सल माल आहे. बिनधास्त टेका!"

अण्णांनी टोपी आपल्याच काठीला लावली, टेकले... आणि टोपीने मारली की फतकल! काठी डावीकडे, अण्णा उजवीकडे. मी आणि बबनने धरलं म्हणून, नाहीतर माझं काय झालं असतं?

"अहो मावशी," शेठनी कपाळाला हात लावला, "नुसतं रबर लिबलिबीतच असतं. काजळीचे बारीक कण त्याला आतून धरून ठेवतात, तेव्हा कुठे ते ताठ होतं. टायर काय उगाच काळे असतात?"

आता बोला! रोज रिक्षात बसते मी. टायर कधी बघितलाच नव्हता?

अण्णांपुढे हात जोडले. "दोन चहा होईपर्यंत थांबा फक्त." पोतं ओढून आणलं, तोंड-हात काळे करत ग्रॅम ग्रॅम काजळी मोजली. बबनने मळलं, नवी टोपी निघाली. अण्णांनी सगळा भार टाकला, वर दोनदा आपटून बघितली. जागची हलली नाही. पास!

मग अण्णा शेठच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असा. "माल चांगला आहे हो. फक्त काजळी टोपीतच पडतेय ना, ते बघा. मघाशी सगळी या बाईंच्यातच गेलेली दिसते, काय ताठ उभ्या होत्या!"

बाकीच्या चौघी फिदीफिदी हसल्या. माझ्या जिभेवर असं काही आलेलं, सांगत नाही! पण शेठ ऑर्डर लिहून घेत होते, आणि अण्णांची सही अजून व्हायची होती.

मीच पेन पुढे केलं.