घर चुकलेली पाहुणी

आमची मुलगी आठ वर्षांची असताना टायफॉइडने महिनाभर अंथरुणात होती. ती उठून हिंडू लागली तर वणीच्या गडावर पायी चढून येईन आणि ओटी भरीन, असं मी सप्तशृंगीला सांगितलं होतं. मुलगी बरी झाली. चैत्रात आम्ही गडावर गेलो, मी ओटी भरली, मन अगदी हलकं झालं होतं. आणि पायऱ्या उतरताना कुणाच्या तरी नारळाचं पाणी सांडलं होतं, त्यावरून माझा पाय सरकला. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. तिथे पायरीवर बसल्या बसल्या मला पायाच्या कळेपेक्षा जास्त काही लागलं असेल तर ते हे, की दिलेला शब्द पाळायला आले आणि तिच्याच दारात पडले. हे कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्याच संध्याकाळी नाशिकला प्लास्टर घालून घरी आणलं, तेव्हा कपाटावरच्या देवीच्या तसबिरीकडे मी पाठ करून झोपले.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला राहत होतो. ह्यांची नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, आणि त्या आठवड्यात दुसरी पाळी. दुपारी एकला घर सोडायचे ते रात्रीच परतायचे. मुलीला निफाडला नणंदेकडे पाठवलं होतं. शेजारच्या बोरस्ते वहिनी दुपारी जेवण वाढून, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून, बाहेरून कडी लावून जात आणि पाचला चहा घेऊन येत. मधले ते चार तास मी, तो उशीवर ठेवलेला जड पाय आणि भिंतीवरचं घड्याळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय उंच ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच या. वेगळं म्हणजे काय, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाय असा ठणकायला लागला की डोळ्यांतून पाणी थांबेना. नामस्मरण करावं तर ओठांवर नाव आलं की राग यायचा. मग मी एक वेगळाच उपाय काढला. मनातल्या मनात घरी माणसं जेवायला बोलावली. नातेवाईक नव्हेत, आयुष्यात ज्यांच्याकडे बघून मला वाटलं होतं की माणसानं असं असावं, अशी माणसं. पहिल्या आल्या माझ्या शाळेतल्या बाई. वर्गात कुणी चुकलं तर त्या कधी हसल्या नाहीत, दुसऱ्या कुणाला हसू दिलं नाही. मग मामाच्या गावची सुईण. ती कोणत्याही वस्तीवर, कोणाच्याही घरी, निरोप आला की चिखल तुडवत जायची आणि परत येताना कुणाकडे काही मागायची नाही. तिसरे रामकुंडावर एकतारी घेऊन बसणारे एक आंधळे बुवा. लोक ऐकोत न ऐकोत, ते तेवढ्याच मनापासून गात. या तिघांना मी बसवलं, ताटं मांडली, वरण-भात वाढला, लिंबाची फोड ठेवली. बाईंना विचारलं, तुम्हाला कधी चीड आली नाही का. सुईणीला म्हटलं, तुझे पाय दुखायचे का गं. त्या उत्तरं द्यायच्या. म्हणजे मीच द्यायची. पण ती माझ्या रोजच्या डोक्यातून येणारी उत्तरं नव्हती, एवढं खरं. तासभर असाच निघून जायचा आणि कळ थोडी दूर उभी राहायची.

एकीला मात्र मी बोलावलं नव्हतं. तिघं जेवताना सारखं जाणवायचं की खरी मानाची जागा रिकामी आहे. पण मी हट्ट धरून होते.

तिसऱ्या दिवशी वहिनी जेवण वाढून निघाल्या, तेव्हा एकदम मनात आलं, आपण माणसं बोलावतो आणि दाराला बाहेरून कडी. हे बरं दिसत नाही. हसू आलं मला स्वतःचंच, पण राहवेना.

"वहिनी, आज कडी नका लावू," मी म्हटलं.

"अहो, मांजर शिरेल. तुम्हाला उठता येतंय का हाकलायला?"

"शिरू दे. फार उकडतंय. दार उघडंच ठेवा."

त्यांनी दाराला विटेचा तुकडा लावला आणि गेल्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पायाचा ठणका कमी झालाय. बघता बघता जवळजवळ थांबलाच. दोन दिवसांनी मला मोकळा श्वास आला. त्या बरं वाटण्यात माझा रागही सैल झाला असावा. मी कूस वळवता येईल तेवढी वळवली, तसबिरीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, चुकलं माझं. तुलाही आमंत्रण आहे. कशी येशील ते तुझं तू बघ, मी काही मागत नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. डोळा लागत होता, एवढ्यात दारातून आवाज आला, "साळव्यांचं घर हेच का हो?"

दारात पन्नाशीच्या पुढची एक बाई उभी. पांढरं सुती पातळ, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल झालेला. मी म्हटलं, साळवे मागच्या ओळीत राहतात, नळापासून तिसरं दार. त्या म्हणाल्या, "मी पुढच्या नळापासून मोजलं वाटतं. भाचीकडं आलेय, तिला बाळ झालंय. घोटभर पाणी मिळेल का?"

"आत या आणि तुमच्या हातानं घ्या," मी म्हटलं. "मला उठता येत नाही."

त्या आत आल्या, पाणी प्यायल्या आणि भांडं खाली ठेवता ठेवता त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. विचारलंही नाही, सरळ चादर वर केली. माझ्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि बघत राहिल्या. पुन्हा दाबलं.

"बोटं हलवा बरं."

मी हलवली, म्हणजे हलवली असं मला वाटलं. बोटं जागची हलली नाहीत.

"दुखतंय का?"

"नाही, आज दुपारपासून खूप बरं आहे. काल फार होतं."

त्यांचा चेहरा बदलला. आवाज मात्र तसाच राहिला. "बाई, हे बरं नाही. आत सूज वाढलीय आणि प्लास्टर आवळतंय. बोटं बघा, निळी पडलीत. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, गांगुर्डे सिस्टर म्हणतात मला. आपल्याला आत्ता जायचंय. घरात कोण आहे?"

कुणी नाही, शेजारी वहिनी आहेत म्हटल्यावर त्या बाहेर गेल्या. वहिनींना हाक मारली, कोपऱ्यावरचा टांगा आणवला, दोन शेजाऱ्यांना बोलावून मला खुर्चीत बसवून उचललं आणि टांग्यात ठेवलं. ज्या भाचीचं बाळ बघायला त्या उन्हातून आल्या होत्या, तिच्या दारापर्यंत त्या गेल्याच नाहीत. वाटभर माझा पाय त्यांच्या मांडीवर होता. मी घाबरून विचारलं, "पाय जाईल का माझा?" त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. वेळेत पोचू, एवढं माहीत आहे." खोटा धीर त्यांनी दिला नाही, म्हणूनच मला धीर आला.

डॉक्टरांनी प्लास्टर उभं चिरून मोकळं केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोटांत मुंग्या आल्या, आणि मग ठणका असा परत आला की मी ओरडले. सिस्टरांनी माझा हात घट्ट धरला. "दुखतंय?" "खूप." "छान," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. मी रडत होते आणि हसतही होते. दुखण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. डॉक्टर ह्यांना नंतर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पाय वाचवणं कठीण होतं. सूज अशी मागाहून चढते कधी कधी, कुणाचा दोष नसतो.

तीन महिन्यांनी मी काठीशिवाय चालू लागले, तेव्हा सिस्टरांना जेवायला बोलावलं. त्यांची भाचीही बाळाला घेऊन आली. जेवताना मी धीर करून सगळं सांगितलं: माझा राग, मनातली पंगत, तसबिरीला दिलेलं आमंत्रण. सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण मी देवी मानत नाही. आम्ही बुद्धाला वंदन करतो, आणि तोही कुणाला कुठं पाठवत नाही. मी घर चुकले, एवढंच."

"मग पायाकडे का बघितलंत? पाणी पिऊन जाता आलं असतं."

त्या म्हणाल्या, "आमच्या मेट्रननं शिकवलं होतं, पेशंट बरं वाटतंय म्हणाला तरी बोटं बघायची. कुणाच्याही घरी गेले तरी हात आपोआप जातो."

मी वाद घातला नाही. आजही घालत नाही. त्यांच्यापुढे वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाल्या, "पाया पडू नका. चालून दाखवा." मी त्यांच्यासमोर चुलीपासून ओट्यापर्यंत चालले आणि परत आले. त्या माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, पावलांकडे बघत होत्या, आणि समाधानानं मान हलवत होत्या.

सिस्टर आता नाहीत. माझी पूजा चालू आहे, दिव्याची वात मीच वळते. देवीकडे मी अजून मागते. माणूस आहे, मागणं सुटत नाही. पण ते कुणाच्या हातून यावं, आणि येणाऱ्यानं तिचं नाव घेत यावं की नाही, हे सांगायचं मी सोडून दिलं आहे. तेवढं सोडल्यापासून माझ्या जिवाला फार स्वस्थता आहे.